माळ करपलेला असताना जे हिरवं दिसतं, ते आधी ओळखा

मंगळवेढ्याच्या काळ्या रानात आमची ज्वारी असते. दावणीला गाई, म्हैस आणि अकरा शेळ्या. चार वर्षांपूर्वी ज्वारी काढून झाली आणि मागनं अवकाळी पाऊस पडला. आठवड्याभरात धसकटांना वीत-वीत फुटवे आले. सगळा माळ करपलेला आणि तेवढाच तुकडा हिरवागार. सांजेला खिल्लार गाय दावं तोडून थेट त्यात शिरली. मी ओढून आणली तोवर तोंडाला फेस आला होता. धाप लागली, पाय लटपटले, ती आडवी झाली. डॉक्टर वाटेत असतानाच गाय गेली. सासूबाई एवढंच म्हणाल्या, "किरळ लागली." किरळ म्हणजे कोवळ्या ज्वारीची विषबाधा.

ज्वारीच्या कोवळ्या पोंग्यात धुरिन नावाचा घटक असतो. जनावरानं पाला चावला की त्यातून हायड्रोसायनिक आम्ल सुटतं. रक्तात प्राणवायू असतो, पण अंगाला तो वापरता येत नाही, म्हणून रक्त लालभडक दिसतं. गुडघ्याखालची ज्वारी, पावसानं ताण दिल्यामुळं खुरटलेली ज्वारी आणि कापणीनंतरचे फुटवे, हे सगळ्यात जहाल. हिरवी वैरण घालायचीच असेल तर पीक फुलोऱ्यात येऊ द्या. नुसत्या कोमेजलेल्या पाल्यावर भरवसा ठेवू नका. कडब्यासारखी कडकडीत वाळली की विष बरंच उतरतं.

माझा पहिला नियम त्या दिवसापासून ठरला. सकाळी दावं सोडायच्या आधी प्रत्येक जनावराच्या पुढ्यात कडबा आणि पाणी. भरल्या पोटाचं जनावर निवडून खातं, उपाशी जनावर दिसेल त्याला तोंड लावतं. दुसरा नियम, नवीन रानात जनावरांच्या आधी आपण फिरून यायचं. बांध, ओढा, पाणंद, पडकी घरं, सगळं नजरेखालून घालायचं.

ओढ्याकाठी आणि कालव्याच्या कडेला बेशरमीची झुडपं असतातच. उन्हाळ्यात बाकी काही नसलं तरी तिची पानं टवटवीत आणि फिकट जांभळी फुलं डोलत असतात. ही एका दिवसात मारत नाही, म्हणूनच फसगत होते. शेळीला तिची चटक लागते, कळपातनं फुटून ती तिकडंच पळते. काही आठवड्यांनी खंगते, मान थरथरते, मागचे पाय लुळे पडतात. माझी एक शेळी अशीच अडखळत चालायला लागली, तेव्हा मी तिला दोन महिने गोठ्यातच बांधून चारलं आणि ती सावरली. उशीर झाला असता तर सावरली नसती.

कण्हेरीचं उलटं आहे. उभ्या झुडपाला जनावर सहसा तोंड लावत नाही, पाला कडू असतो. धोका छाटणीनंतर. घरापुढची किंवा हायवेच्या दुभाजकातली कण्हेर छाटून फांद्या गवतावर टाकल्या, की पाला वाळतो आणि गवताबरोबर पोटात जातो. वाळला तरी विष तसंच राहतं. थोड्याशा पानांनी हृदयाचे ठोके बिघडतात आणि धडधाकट बैल कोसळतो. म्हणून छाटलेली कण्हेर माझ्या बांधावर कुणी टाकली तर मी भांडते, त्याची मला लाज वाटत नाही.

घाणेरीचं झुडूप खाल्लं की ते यकृतावर जातं. जनावराचं शेण घट्ट होतं, डोळे पिवळे दिसतात, आणि संकरित गाईच्या पांढऱ्या ठिपक्यांवरची कातडी उन्हानं भाजल्यासारखी सोलते. अशा गाईला लगेच अंधाऱ्या, गार जागेत बांधा. धोतरा, एरंडाच्या बिया आणि रुई यांच्यापासूनही जनावर लांबच ठेवा. गाजर गवत भुकेपोटी खाल्लं तर खाज सुटते आणि दूध कडवट येतं.

आता बाधा झालीच तर. जनावर लटपटत असेल तर नळीनं काहीही पाजू नका, तेल नाही, ताकही नाही. गिळता आलं नाही तर ते फुप्फुसात जातं. त्याला सावलीत ठेवा, पळवू नका, बाकीची जनावरं त्या रानातून बाहेर काढा. सरकारी दवाखान्याला किंवा जनावरांच्या डॉक्टरांसाठीच्या १९६२ या नंबरला फोन लावा. काय खाल्लं, किती वाजता खाल्लं हे सांगा आणि त्या झाडाची फांदी उपटून हातात ठेवा. किरळ असेल तर डॉक्टर शिरेतून सोडियम नायट्राइट आणि सोडियम थायोसल्फेट देतात. पण युरिया भरपूर मारलेली वैरण किंवा माठ-तांदुळजा खाऊन नायट्रेटची बाधा झाली असेल, तर रक्त चॉकलेटी होतं आणि औषध वेगळं, मिथिलिन ब्लू. तिथं किरळीचं नायट्राइट दिलं तर जनावर आणखी खचेल. म्हणून हिरड्यांचा आणि रक्ताचा रंग पाहून ठेवा, अंदाजानं बोलू नका.

आमच्या गोठ्याच्या भिंतीवर मी खडूनं १९६२ लिहून ठेवलंय. खाली खुंटीला एक रिकामी पिशवी टांगलेली असते, फांदी घालायला. धसकटं मात्र मी आता ठेवतच नाही. ज्वारी निघाली की त्याच आठवड्यात रान नांगरून घेते.