लग्नासाठी सूट घेताना: माप, ट्रायल, बिल आणि दुकानाने टोलवाटोलवी केली तर

आपल्याकडे बहुतेक पुरुष सूट घेतात तो स्वतःच्या, नाहीतर घरातल्या कुणाच्या लग्नाला. म्हणजे आयुष्यात दोन-चार वेळा, आणि तेही पत्रिका छापून झाल्यावर. समोरचा सेल्समन मात्र तेच काम दिवसभर करत असतो. कापड त्याला जास्त कळतं, बोलण्यात तो तरबेज, आणि घाई तुम्हाला. या व्यवहारात तुमच्याकडे हुकमाचं पान एकच असतं: अजून न दिलेले पैसे. ते शेवटपर्यंत हातात कसं ठेवायचं, त्या अंगानेच पुढचं सगळं सांगतो.

तारीख उलटी मोजा

शिवून घ्यायचा असेल तर कार्याच्या दीड-दोन महिने आधी कापड मास्तरांच्या हातात पडलं पाहिजे. तयार घ्यायचा तर तीन आठवडे पुरतात. तुळशीचं लग्न लागलं की मुहूर्तांची रांग सुरू होते आणि चांगल्या कारागिरांच्या मशीनवर दुसऱ्यांचे कोट चढलेले असतात, म्हणून हिवाळ्यातल्या लग्नाचं माप दिवाळीआधी देऊन टाकावं.

दुकानात कार्याची खरी तारीख सांगू नका. आठ-दहा दिवस अलीकडची सांगा. लग्न नेमकं कधी आहे हे कळलं की कोट आदल्या संध्याकाळीच मिळतो, हा सीझनमधला अलिखित नियम आहे. आदल्या संध्याकाळी बाही लांब निघाली तरी तुम्ही ती तशीच घालणार, हे दुकानदारालाही ठाऊक असतं.

शिवायचा की तयार घ्यायचा?

याचं उत्तर तुमच्या पोटावर आहे. तयार सेटमध्ये पॅन्टची कंबर साधारण छातीपेक्षा ६ इंच कमी धरलेली असते. ४२ चा कोट असेल तर पॅन्ट ३६ ची. चाळिशीतल्या किती जणांचं हे गणित जुळतं? कोट खांद्यात बसतो तेव्हा पॅन्ट लागत नाही, पॅन्ट लागते तेव्हा कोट लोंबतो. अशा वेळी कोट आणि पॅन्ट सुटी विकणारं दुकान शोधा किंवा सरळ शिवायला द्या. एक खांदा खाली असेल, पाठीला बाक असेल, तरी शिवलेलाच बरा. अंग सरळ आणि सडपातळ असेल तर तयार कोट घेऊन थोडं आल्टर करून घेण्यात काहीच कमीपणा नाही. उलट, घेण्याआधी तो अंगावर बघता येतो, हा मोठाच फायदा.

शिवायचं ठरलं तर कापडाचा प्रश्न येतो. ५८-६० इंच पन्ह्याचं कापड टू-पीसला सव्वातीन मीटर घ्यावं. उंच किंवा स्थूल माणसाला आणि वेस्टकोट हवा असेल तर जास्त. ठाण्यात १९२५ साली रेमंड सुरू झाली आणि पुढे सूटपीस ही अहेराची ठरलेली वस्तू झाली, त्यामुळे बऱ्याच घरांत कपाटात एखादा पडून असतो. तो वापरायला हरकत नाही. पण आधी मोजा, कारण अहेरातला पीस पुष्कळदा नुसत्या पॅन्टपुरताच निघतो. मग उजेडावर धरून कसर लागली आहे का बघा, आणि घडीवरचा रंग उडालेला नाही ना तेही तपासा.

दुकानात ‘सुपर १२०’ म्हणून जे ऐकवतात, तो आकडा लोकरीचा तंतू किती बारीक आहे ते सांगतो. सुपर १०० म्हणजे जास्तीत जास्त १८.७५ मायक्रॉन, सुपर १२० म्हणजे १७.७५. आकडा वाढला की कापड मऊ होतं, आणि नाजूकही. पॉलिएस्टर-व्हिस्कोसच्या कापडाच्या किनारीवर हा आकडा छापलेला दिसला तर त्याला काही अर्थ नाही. शंका असेल तर कडेचा एक धागा ओढून मागा आणि दुकानाबाहेर काडी लावा. लोकर केस जळल्यासारखी वास मारते आणि राख बोटांनी चुरली जाते. पॉलिएस्टर वितळून त्याची टणक गाठ होते. टेरी-वूलमध्ये, म्हणजे पॉलिएस्टर मिसळलेल्या लोकरीत, दोन्हीची मिसळ दिसते. टेरी-वूल वाईट नव्हे, चुरगळत कमी आणि टिकतं जास्त. फक्त लोकरीच्या भावाने घेऊ नये. मे महिन्यात कोकणात लग्न असेल तर कापड हलकं घ्या आणि कोटाला पाठीत अर्धंच अस्तर लावायला सांगा. पूर्ण अस्तराच्या कोटात माणूस मंगलाष्टकं संपायच्या आत भिजतो.

ट्रायल रूममध्ये काय बघायचं

ज्या प्रकारचा शर्ट आणि बूट कार्यात घालणार, तेच घालून जा. टी-शर्टवर कोट चढवून घेतलेला अंदाज चुकतो.

सगळ्यात आधी खांदा. खांद्याची शिवण तुमच्या खांद्याचं हाड संपतं तिथेच संपली पाहिजे. पुढे गेली तर बाहीवर खळगा पडतो, अलीकडे राहिली तर दंडाशी ताण येतो. खांदा बसला नाही तर तो कोट तिथेच काढून ठेवा, पुढचं काही बघू नका. खांदा, मुंढा (बाही जोडतात तो काखेभोवतीचा घेर) आणि कोटाची लांबी या तीन गोष्टी तयार कोटात सहसा धड दुरुस्त होत नाहीत, त्यामुळे ‘आल्टर होऊन जाईल सर’ हे वाक्य या तिघांसाठी आलं तर मान डोलावू नका. बाहीची लांबी, कोटाची कमर, पॅन्टची कंबर आणि मोहरी (पायाशी असलेला घेर) मात्र आरामात होतात. पॅन्टची मागची शिवण आतून उलटून माया, म्हणजे शिवणीत राखलेलं जादा कापड, किती सोडली आहे ते बघा. तिथे एखाद-दीड इंच कापड नसेल तर दोन वर्षांनी ती पॅन्ट धाकट्या भावाला जाणार.

मग मान. कोटाची कॉलर शर्टाच्या कॉलरला मागून चिकटून बसली पाहिजे. मध्ये बोट जात असेल तर कोट मागे ओढला जातोय. वरचं बटण लावा (खालचं लावायचं नसतंच). बटणापाशी फुलीसारख्या चुण्या पडल्या तर कमर घट्ट आहे. हात सरळ सोडल्यावर बाहीखालून शर्टाचा अर्धा इंच दिसायला हवा.

यानंतरची परीक्षा कुठल्याही परदेशी मार्गदर्शकात नसते: वाका. लग्नात तुम्ही वीस-पंचवीस वडीलधाऱ्यांच्या पाया पडणार आहात. तसेच पूर्ण वाकून बघा, मांडीशी पॅन्ट ताणली जाते का, मागची शिवण कुरकुरते का. खुर्चीवर बसून, हात वर करून बघा. सेल्समन हसला तर हसू द्या.

शेवटी कोटाचा पुढचा भाग, बटणांच्या खाली, चिमटीत धरून दोन्ही थर एकमेकांपासून सोडवायचा प्रयत्न करा. मध्ये तिसरा थर मोकळा लागला तर आत कॅनव्हास आहे, म्हणजे कोटाला आकार देणारं जाड कापड न चिकटवता शिवून बसवलेलं. सगळं एकजीव लागलं तर फ्यूजिंग, म्हणजे अस्तरासारखा थर गरम दाबाने चिकटवलेला. बहुतेक तयार कोट असेच असतात. हलक्या प्रतीचं फ्यूजिंग काही ड्रायक्लीननंतर सुटतं आणि छातीवर फुगे येतात. कॅनव्हासची किंमत सांगून फ्यूजिंग विकत असतील, तर भाव करायला तोच मुद्दा पुरे.

पैसे देण्याआधी कागद

बाजार कुठलाही असो, पुण्याचा लक्ष्मी रोड, दादरचं हिंदमाता, मंगलदास मार्केट किंवा नागपूरची सीताबर्डी, एक वाक्य सगळीकडे ऐकू येतं: ‘पक्कं बिल घेतलं तर जीएसटी लागेल.’ लागू द्या. तयार कपड्याच्या छापील किमतीत सगळे कर आधीच धरलेले असतात, त्यावर वेगळा कर घेता येत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून २,५०० रुपयांवरच्या तयार कपड्याला १८ टक्के जीएसटी आहे, त्यामुळे हा कर वाचवून देण्याचा आग्रह आणखी गोड आवाजात होतो. कच्च्या चिठ्ठीवर घेतलेल्या कोटाचं पुढे काही बिनसलं, तर तो त्याच दुकानातून घेतला हेच सिद्ध करत बसावं लागतं.

बिलावर चार गोष्टी लिहून घ्या: कापडाचं नाव आणि मीटर, ट्रायलची तारीख, डिलिव्हरीची तारीख, आणि काय-काय आल्टर करायचं ते, इंचांसकट. ‘बाही कमी’ नको. ‘दोन्ही बाह्या पाऊण इंच कमी’ असं. कापडाची एक चिंधी बिलाला पिन करून मागा, म्हणजे नंतर कापड बदललं का हा वाद उरत नाही. ॲडव्हान्स निम्म्यापेक्षा जास्त देऊ नका. तोही यूपीआयने किंवा कार्डाने. उरलेली रक्कम शेवटची ट्रायल अंगावर घालून झाल्यावरच. तयार सूटचे सगळे पैसे भरून तो आल्टरला ठेवून यायची पद्धत आहे, पण निदान विचारून तरी बघा. बरीच दुकानं ॲडव्हान्सवर तयार होतात.

सर्व्हिस बिघडली तर

पैसे देण्याआधी कुणी नीट बोललं नाही, चपला बघून स्वस्तातले रॅक दाखवले, तर सरळ बाहेर पडा. रविवारी संध्याकाळी मात्र चांगल्या दुकानातही कुणाला वेळ नसतो. मंगळवार-बुधवारी दुपारी गेलात तर तोच सेल्समन वेगळा माणूस वाटेल.

खरी गंमत पैसे दिल्यावर सुरू होते. माझ्या मावसभावाच्या रिसेप्शनचा कोट एका नावाजलेल्या दुकानातून आणायला आम्ही गेलो. मानेमागे कॉलर उभी राहत होती. सेल्समन म्हणाला, ‘सर, दोन दिवस हँगरला लावा, आपोआप बसेल.’ मग म्हणाला, ‘साहेबांचा एक खांदाच खाली आहे ना.’ बरं, असेल. पण मापं कशाला घेतली होती? मावसभाऊ आवाज चढवणार तेवढ्यात मी म्हटलं, ‘मास्तरांना जरा बोलवता का?’ गळ्यात टेप अडकवलेले मास्तर माडीवरून खाली आले, कॉलरखाली बोट घातलं आणि सेल्समनकडे न बघता म्हणाले, ‘उतरवून परत लावावी लागेल. परवा या.’ विषय संपला. सेल्समनचं काम माल बाहेर काढणं असतं, मास्तरांचं नाव मात्र त्या कोटाबरोबर फिरत असतं. म्हणून पहिली तक्रार मास्तरांकडे, दुसरी गल्ल्यावरच्या मालकाकडे. आरडाओरडा न करता, हातात बिल धरून.

तरीही ‘उद्या या’ चालूच राहिलं तर बोलणं थांबवा आणि लिहायला लागा. मजकूर एवढाच पुरे:

‘दि. ___ रोजी बिल क्र. ___ अन्वये मी आपल्याकडे ___ रुपयांचा सूट शिवायला दिला. डाव्या बाहीची लांबी उजवीपेक्षा पाऊण इंच जास्त आहे आणि मानेमागे कॉलर उचलली जाते. दोन वेळा परत देऊनही दोष तसाच आहे. फोटो जोडले आहेत. १५ दिवसांत दोष दूर करावा, अथवा कापड व शिलाईची रक्कम परत करावी. अन्यथा जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करावी लागेल.’

हे आधी व्हॉट्सॲपवर, आणि उत्तर नाही आलं तर स्पीड पोस्टाने. ‘तुमच्यासारखे लुटारू’ वगैरे घालू नका. पुढे हेच पत्र आयोगापुढे ठेवायचं आहे.

बिलावरच्या ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ या ओळीला बिचकू नका. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे सदोष वस्तू परत घेऊन पैसे द्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिलावर मुदत लिहिली असेल तर त्या मुदतीत, नसेल तर ३० दिवसांत पैसे परत करावे लागतात. बिल न देणंही त्यातच येतं. बिघडलेली शिलाई आणि टळलेली तारीख या सेवेतल्या त्रुटी. पण घरी आल्यावर बायकोला रंग आवडला नाही, हा दोष नव्हे. तिथे कायदा तुमच्या बाजूने नाही, दुकानदार बदलून देईल तर त्याचा चांगुलपणा.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. तिथे नोंदवलेली तक्रार दुकानाकडे किंवा कंपनीकडे पाठवली जाते. मोठ्या साखळी दुकानांच्या बाबतीत बरंच काम इथेच होतं. एकट्या मालकाचं दुकान दाद देत नसेल तर जिल्हा आयोग. दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही, वकील लागतोच असं नाही. दुकान दुसऱ्या जिल्ह्यात असलं तरी तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, ई-जागृती पोर्टलवरूनही. मुदत दोन वर्षांची. मुंबई ग्राहक पंचायतीसारख्या संस्था कागद नीट लावायला मार्गदर्शन करतात. निकालाला वेळ लागतो, हे आधीच धरून चाला. पण नोटीस हातात पडल्यावर ‘बसून मिटवू’ म्हणणारे मालक पुष्कळ असतात.

कार्य परवावर आलं असेल तर

तेव्हा भांडण बाजूला ठेवा. दुकान हात लावत नसेल तर गल्लीतल्या आल्टरवाल्याकडून बाही, मोहरी, कमर करून घ्या. खांद्याला हात लावू देऊ नका. तेवढ्या वेळात तो सुधारणार नाही, बिघडेल. मात्र आल्टरवाल्याकडे देण्याआधी कोट अंगात घालून समोरून, मागून आणि बाजूने फोटो काढा, दोषाशेजारी टेप धरून एक जवळून काढा, आणि दुकानाला कळवून ठेवा की नाइलाजाने बाहेरून दुरुस्त करून घेतोय. नाहीतर नंतर दुकान म्हणणार, ‘आमचा कोट बरोबरच होता, बाहेरच्याने बिघडवला.’ आल्टरची पावतीही मागून घ्या. तो खर्च तुमच्या मागणीत धरता येतो.