वजनकाट्याचा संगणक संथ झाला आहे? सेटिंगच्या या चुका टाळा

गळीत हंगामात कोल्हापूर परिसरातील साखर कारखान्यांच्या वजनकाट्यांसमोर उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागलेली असताना काट्याचा संगणक अडखळू लागला, तर त्याचा त्रास चालकापासून शेतकऱ्यापर्यंत सर्वांना होतो. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतींतील काट्यांवरही हेच घडू शकते. अशा वेळी नवा संगणक मागवण्यापूर्वी वजन वाचणाऱ्या सॉफ्टवेअरमधील पोलिंग इंटरव्हल ही सेटिंग तपासावी. इंडिकेटरकडून, म्हणजे काट्याचे वजन दाखवणाऱ्या उपकरणाकडून, वजन किती मिलिसेकंदांनी वाचायचे, हे तिथे ठरते.

या रकान्यात शून्य भरले की वजन ताबडतोब दिसेल, हा समज सर्वांत महागात पडतो. अनेक प्रोग्रॅममध्ये शून्य म्हणजे दोन वाचनांच्या मध्ये अजिबात न थांबणे. मग नवी माहिती आलेली असो वा नसो, प्रोग्रॅम पोर्टकडे (इंडिकेटरची वायर जोडलेल्या जागेकडे) अखंड विचारणा करत राहतो आणि प्रोसेसरचा एक कोअर, म्हणजे काम करणारा एक भाग, पूर्ण अडवून ठेवतो. एवढे करून हाती काही लागत नाही, कारण ९६०० बॉडच्या (सेकंदाला ९६०० बिट वेगाच्या) सिरियल जोडणीतून, एका अक्षराला १० बिट धरल्यास, सेकंदाला जास्तीत जास्त ९६० अक्षरे येतात. वजनाची एक ओळ १६ अक्षरांची असेल, तर फार तर ६० ओळी. भरलेली ट्रॉली काट्यावर स्थिर होण्यास लागणारा वेळ पाहता २०० ते २५० मिलिसेकंदांचे अंतर पुरेसे आहे.

विंडोजच्या टास्क मॅनेजरमधील प्रोसेसर वापराच्या एकूण आकड्यावर विसंबून राहणेही चुकीचे आहे. चार लॉजिकल प्रोसेसर (विंडोज स्वतंत्र मानते असे प्रोसेसरचे भाग) असलेल्या संगणकात एक पूर्ण अडकला, तरी एकूण वापर साधारण २५ टक्केच दिसतो आणि सारे ठीक असल्याचा भास होतो. परफॉर्मन्स विभागातील आलेखावर उजवे बटण दाबून लॉजिकल प्रोसेसरचे स्वतंत्र आलेख पाहावेत, आणि कोणत्या प्रोग्रॅमचा आकडा २५ च्या आसपास खिळून राहिला आहे हे डिटेल्स विभागात शोधावे.

कधी यादीत सर्वांत वर अँटीव्हायरस दिसतो आणि तोच बंद केला जातो. हे कृपया करू नये. डीबग लॉग, म्हणजे दोष शोधण्यासाठी प्रोग्रॅमने ठेवलेली बारीकसारीक नोंद, सुरू राहिला असेल आणि प्रत्येक वाचनागणिक फाइल उघडून बंद होत असेल, तर अँटीव्हायरस ती पुन्हा पुन्हा तपासतो. म्हणून आधी लॉगची पातळी कमी करावी. प्रोग्रॅमला रिअलटाइम प्राधान्य देणे तर याहून घातक, कारण त्यामुळे माउस आणि कीबोर्डही प्रतिसाद देईनासे होऊ शकतात.

सेटिंग बदलूनही भार उतरला नाही, तर बदल खरोखर लागू झाला का हे पाहावे. बरेच प्रोग्रॅम सेटिंगची फाइल फक्त सुरू होताना वाचतात, आणि खिडकी बंद केली तरी त्यांची सर्व्हिस, म्हणजे पडद्यामागे चालणारा भाग, चालूच असते. ती रीस्टार्ट करावी लागते. जुन्या ३२ बिट प्रोग्रॅमच्या बाबतीत आणखी एक गुंता असतो: प्रोग्रॅम फाइल्समध्ये लिहिण्याची परवानगी नसल्यास विंडोज त्यांची फाइल वापरकर्त्याच्या व्हर्च्युअलस्टोअर फोल्डरमध्ये ठेवते, त्यामुळे मूळ फाइलमधील दुरुस्ती प्रोग्रॅमपर्यंत पोहोचतच नाही.

मूळ फाइलची प्रत आधी काढून ठेवावी आणि एका वेळी एकच सेटिंग बदलावी. हे सारे बदल संगणकातच करायचे आहेत. इंडिकेटरच्या कॅलिब्रेशनला आणि वैधमापन अधिकाऱ्यांनी लावलेल्या सीलला हात लावू नये.