एचपीव्ही पॉझिटिव्ह आलं, आता घरात संशय नको

लग्नाला इतकी वर्षं झाली आणि आता रिपोर्ट पॉझिटिव्ह, म्हणजे कोणीतरी फसवलं असं लगेच धरून भांडू नका प्लीज! एचपीव्ही हा शरीरसंबंधांतून पसरणारा व्हायरस, त्याच्या काही प्रकारांमुळे पुढे गर्भाशयमुखाचा कॅन्सर होऊ शकतो, पण तो शरीरात वर्षानुवर्षं गप्प पडून राहू शकतो, त्यामुळे तो कधी आणि कोणाकडून आला हे कुठलीच टेस्ट सांगत नाही.

आधी रिपोर्ट नीट वाचा. एचपीव्ही टेस्ट व्हायरस शोधते, पॅप स्मिअर गर्भाशयमुखाच्या पेशींमधला बदल बघते, दोन्ही वेगळं. टाइप १६ किंवा १८ (व्हायरसचे जास्त धोक्याचे प्रकार) लिहिलं असेल तर डॉक्टर बहुतेक कॉल्पोस्कोपी, म्हणजे भिंगातून तपासणी, सांगतील, त्यात गर्भाशयमुखाला व्हिनेगरसारखं पाणी लावतात, बदललेला भाग पांढरा दिसतो आणि गरज वाटली तर तिथला छोटा तुकडा तपासायला घेतात. तुकड्याच्या रिपोर्टमधलं सीआयएन म्हणजे पेशींमधल्या बदलाची पायरी, १ हलकी, ३ सगळ्यात जास्त. सीआयएन १ बहुतेक वेळा आपोआप जातं, फक्त लक्ष ठेवायचं, सीआयएन ३ म्हणजे सुद्धा कॅन्सर नाही पण उपचार टाळू नका.

बहुतेक इन्फेक्शन दोनेक वर्षांत शरीरच निपटवतं. सिगारेट असेल तर सोडा, त्याने खरंच फरक पडतो. लस आधीचं इन्फेक्शन बरं करत नाही. संबंधांनंतर रक्त गेलं तर पुढच्या तारखेची वाट बघू नका, लगेच दाखवा, आणि जमलं तर जोडीदाराला सोबत न्या, डॉक्टरांच्या तोंडून ऐकलेलं जास्त पटतं.