पार्सल वितरणात पुढे जायचे असेल, तर नोकरी कुठे धरावी

पार्सल पोहोचवण्याच्या कामात येणारे बहुतेक जण नोकरी घेताना दोनच गोष्टी पाहतात: महिन्याला हातात किती पडते आणि केंद्र घरापासून किती लांब आहे. काही महिन्यांपुरते काम हवे असेल, तर एवढे पाहणे पुरते. मात्र ज्याला या व्यवसायात वर चढायचे आहे, त्याने स्वतःच्या जागेपेक्षा आपल्या लगेच वर बसलेल्या माणसाची जागा आधी न्याहाळावी. तो पर्यवेक्षक काल-परवापर्यंत स्कॅनर हातात घेऊन गाडी भरत होता, की थेट बाहेरून खुर्चीवर आणून बसवलेला आहे, याचे उत्तर कोणत्याही जाहिरातीतल्या ‘प्रगतीची संधी’ या शब्दांपेक्षा जास्त खरे असते.

खालून वर जाणे या धंद्यात अशक्य नाही. डेव्हिड ॲबनी यांनी १९७४ मध्ये शिक्षण घेत असतानाच यूपीएस या अमेरिकी पार्सल कंपनीत अर्धवेळ पार्सले चढवण्याचे काम धरले आणि २०१४ मध्ये ते त्याच कंपनीचे मुख्य कार्यकारी अधिकारी झाले. अशी चढण लाखांत एखाद्याच्या वाट्याला येते, हे खरे. परंतु तिच्यामागे रिकामी झालेली जागा आधी आतल्या माणसाला देण्याची त्या कंपनीची जुनी रीत होती, आणि आपल्याला शोधायची आहे ती ही रीत.

सर्वांत आधी पगार कोण देतो, हे तपासावे. गाडीवर आणि गणवेशावर एका मोठ्या कंपनीचे नाव असते, पण नियुक्तिपत्रावर भलत्याच कंत्राटदाराचे, असा प्रकार या व्यवसायात सर्रास आढळतो. फेडएक्समध्ये एक्सप्रेस विभागाचे चालक कंपनीच्या पगारावर, तर ग्राउंड विभागाचे चालक कंत्राटदारांच्या पगारावर, अशी विभागणी अनेक वर्षे राहिली. ॲमेझॉननेही २०१८ पासून वितरणाचे बरेचसे काम छोट्या भागीदार कंपन्यांकडे सोपवले, आणि तिथले चालक त्या भागीदाराचे नोकर असतात. कंत्राटदाराकडे काम करणे वाईट आहे असे नाही. फक्त तिथली शिडी बहुधा दोन-तीन पायऱ्यांची असते. चालक, मग दहा-पंधरा गाड्यांची नेमणूक पाहणारा, आणि त्याच्यावर थेट मालक. मुख्य कंपनीतल्या रिकाम्या जागांची अंतर्गत सूचना आपल्यापर्यंत येतच नाही. त्यामुळे कंत्राटदाराकडे जायचे असल्यास एक तर पुढे स्वतः गाड्या घालून कंत्राट घेण्याचा विचार मनात असावा, नाही तर अनुभव गाठीला बांधून ठरावीक काळात बाहेर पडण्याचा.

अर्धवेळ आणि हंगामी कामाबद्दल वेगळे सांगावे लागेल. सणासुदीच्या गर्दीत माणसे भराभर घेतली जातात आणि गर्दी ओसरली की तितक्याच वेगाने कमी केली जातात. अशी नोकरी घेताना मागच्या हंगामातल्या किती जणांना कायम केले, हे विचारावे आणि उत्तर आकड्यात मागावे. अर्धवेळातून पूर्णवेळात जाण्याची वाट आपोआप उघडत नाही. १९९७ मध्ये अमेरिकेत यूपीएसच्या सुमारे १,८५,००० कामगारांनी ऑगस्टमध्ये पंधरा दिवस संप केला, त्यात हीच मागणी अग्रभागी होती, आणि शेवटी १०,००० अर्धवेळ जागा पूर्णवेळ करण्याचे कंपनीला मान्य करावे लागले.

यानंतरचा प्रश्न साखळीतल्या कोणत्या टप्प्यावर उभे राहायचे, हा आहे. दारोदार पार्सल देणारा माणूस ग्राहक ओळखतो, गल्ल्या ओळखतो, परंतु दिवसभर एकटा असतो. त्याचे कौशल्य वरिष्ठांना फक्त आकड्यांतून दिसते. सॉर्टिंग केंद्रात, म्हणजे हबमध्ये, काम करणारा माणूस संपूर्ण व्यवहाराच्या मध्यभागी असतो. तिथे येणाऱ्या गाड्या, निघणाऱ्या गाड्या, चुकीच्या मार्गावर गेलेली पार्सले, फाटलेली खोकी, वजनातली तफावत आणि या सगळ्याला घड्याळाने घातलेली मर्यादा एकाच छताखाली पाहायला मिळते. उशिरा आलेल्या एका ट्रकमुळे सकाळचे किती मार्ग कोलमडतात, हे ज्याने रात्रपाळीत डोळ्यांनी पाहिले, त्याला नियोजनाचे काम शिकवावे लागत नाही. रात्रपाळी अंगावर येते, प्रकृतीवर परिणाम करते आणि घरच्या वेळा बिघडवते, हे नाकारण्यात अर्थ नाही. तरीही दोन वर्षे तरी हबमध्ये काढावीत, असे माझे स्पष्ट मत आहे. आदर्श नोकरी ती, जिथे मार्गावरून हबमध्ये आणि हबमधून कार्यालयात बदली मागता येते. अशी बदली गेल्या वर्षात कोणाला मिळाली, हे मुलाखतीतच विचारावे.

केंद्राचा आकारही पाहावा. लहान केंद्रात माणसे कमी, म्हणून एकाच वर्षात रोख रकमेचा हिशेब, परत आलेल्या मालाची नोंद, तक्रारी आणि मार्गांची आखणी असे सगळे हाताखालून जाते. पण इनचार्ज एकच असतो आणि तो हलल्याशिवाय जागा होत नाही. मोठ्या हबमध्ये पायऱ्या पुष्कळ, पण माल वाहणाऱ्या एकाच पट्ट्यावर वर्षानुवर्षे अडकून पडण्याचा धोकाही तितकाच. शिकायला लहान आणि चढायला मोठे, असा क्रम ठेवता आला तर उत्तम.

ज्या ठिकाणी बाहेरही मानले जाणारे प्रशिक्षण मिळते, तिथला पगार थोडा कमी असला तरी विचार करावा. विमानाने जाणाऱ्या धोकादायक मालाच्या हाताळणीचे प्रशिक्षण याचे चांगले उदाहरण आहे. लिथियम बॅटऱ्या धोकादायक मालाच्या नवव्या वर्गात मोडतात, त्या नेमक्या कशा बांधायच्या आणि कोणते लेबल लावायचे याचे नियम आंतरराष्ट्रीय आहेत, आणि हे प्रशिक्षण दर दोन वर्षांनी नव्याने घ्यावे लागते. सीमाशुल्काच्या कागदपत्रांचेही तसेच: मालाच्या वर्गीकरणासाठी वापरल्या जाणाऱ्या सांकेतिक क्रमांकाचे पहिले सहा अंक जगभर जवळपास सगळीकडे सारखे असल्याने ते ज्ञान कंपनी बदलली तरी वाया जात नाही. अवजड वाहनाच्या परवान्याचा खर्च कंपनी उचलत असेल, तर त्या बदल्यात किती काळ बांधून घेते, ते मात्र लेखी पाहावे.

प्रति पार्सल मोबदल्याचे काम सुरुवातीला भुरळ घालते. तिथे कमाई पायांच्या वेगावर असते, आणि पायांचा वेग दर वर्षी वाढत नाही. शिवाय नवख्याला शिकवण्यात घालवलेला तास तिथे तोट्याचा ठरतो, त्यामुळे सहकाऱ्याला हाताशी धरण्याची सवय, जी पर्यवेक्षकाला सर्वांत आधी लागते, ती लागतच नाही.

होकार देण्यापूर्वी पाळी सुटण्याच्या वेळी केंद्राच्या दाराशी अर्धा तास उभे राहावे. बाहेर पडणाऱ्या दोघा-तिघांना किती वर्षे झाली आणि काम काय बदलले, एवढेच विचारावे. तीन वर्षे झालेला एकही माणूस सापडला नाही, तर वर जाण्याच्या गोष्टी तिथे कोणाला सांगितल्या जातात, हा प्रश्न उरतोच.

कामाला लागल्यावर स्वतःची वही ठेवावी: पहिल्याच फेरीत पोहोचलेली पार्सले किती, परत आलेली किती, मोडतोड किती. कंपनीच्या ॲपमधले आकडे नोकरी सोडताच आपल्याला दिसेनासे होतात. आणि सोडताना अनुभवाच्या दाखल्यावर नुसते पद लिहून घेऊ नये. कोणती पाळी, हाताखाली किती माणसे आणि दररोज साधारण किती पार्सलांची जबाबदारी होती, हे नमूद करण्याची विनंती राजीनाम्यासोबतच द्यावी, कारण महिनाभराने ते लिहून देणारा माणूस स्वतःच दुसऱ्या केंद्रात गेलेला असतो.