छातीत धडधडलं की आधी श्वास सोडा

ठाणे स्टेशनात सकाळची फास्ट लोकल आत येताना दिसली, की मला दरदरून घाम फुटायचा, छाती धडधडायची. सोबतचे सांगायचे, "खोल श्वास घे." पण घाबरलेला माणूस आधीच भराभर श्वास घेत असतो. आणखी ओढला की गरगरतं, बोटांना मुंग्या येतात. म्हणून आधी श्वास पूर्ण सोडा. मग मनात ४ मोजत नाकाने घ्या आणि ६ मोजत सावकाश सोडा. श्वास सोडताना हृदयाचे ठोके किंचित मंदावतात, म्हणून सोडणं लांबवायचं. पाच मिनिटं तरी करा. गाडी सुटली तर सुटू द्या, मागून दुसरी येतेच.

हे ऐन गर्दीत पहिल्यांदाच करायला गेलं तर जमत नाही. मन शांत असताना रोज सराव हवा. मी संध्याकाळी तलावपाळीच्या कट्ट्यावर बसून करते.

गाडीने जाणं मात्र सोडू नका. टाळत गेलं की भीती वाढते, हे मी अनुभवलंय. मी सुरुवातीला फक्त मुलुंडपर्यंत, एकच स्टेशन जायचे. आठवड्याने भांडुप. रिकाम्या पोटी कडक चहाही बंद केला. त्यानेही धडधड वाढते.

छातीत दुखत असेल तर मनाचा खेळ समजू नका, आधी डॉक्टर गाठा. आणि काळजीने झोप उडाली, कामावर जाणं अवघड झालं, तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक फिरवा. तो मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं.