घरातल्या जुन्या वस्तूंच्या गोष्टी लिहिताय? या चुका टाळा

सुट्ट्या संपल्या की नात्यातली, ओळखीतली मंडळी मला फायली पाठवतात. 'घरातल्या जुन्या वस्तूंवर लिहिलंय, जरा नजर टाका.' फाइल उघडायच्या आधीच मला माहीत असतं की आत एक पितळी डबा असणार आणि त्याला 'मायेची ऊब' असणार. डबा कुठल्या कासाराकडून आला, त्यात काय ठेवायचे, झाकण कशाने चेपलं, याचा पत्ता नाही. ऊब मोबाइललाही लिहिता येते हल्ली. चेपलेल्या झाकणाचं तुम्हालाच सांगावं लागेल.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे वस्तू न बघता गोष्ट लिहून टाकणं. ही मी स्वतः केली आहे, आणि छापून केली आहे.

आमच्याकडे अंघोळीच्या पाण्याचं तांब्याचं एक घंगाळ आहे. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटून पुण्यात पूर आला तेव्हा आमचं बिऱ्हाड नारायण पेठेत होतं. पाणी ओसरल्यावर हे घंगाळ दोन घरं पलीकडे चिखलात रुतलेलं सापडलं, असं काका रंगवून सांगायचे. मी ते तसंच लिहिलं, घरच्या पुस्तिकेत फोटोसकट छापलं, पन्नास प्रती वाटल्या. आठवड्याने आत्याचा फोन आला. "अरे, त्याच्या काठावरचं नाव वाचलंस का?"

नव्हतं वाचलं. कासाराने ठिपक्या-ठिपक्यांनी कोरलेलं नाव घासून घासून पुसट झालं होतं. रात्री दिवा घालवून टॉर्च आडवी धरली तेव्हा आत्याचं माहेरचं नाव दिसलं. त्यापुढे 'मामाकडून' आणि २४-५-६४. पुरानंतरची जवळजवळ तीन वर्षं!

"पहिलं घंगाळ वाहूनच गेलं रे," आत्या म्हणाली. "हे माझ्या लग्नातलं. आईकडे अंघोळीला पत्र्याची बादली होती नुसती, म्हणून मी ते सासरी नेलंच नाही. सासूबाईंना सांगितलं, मामांनी दिलंच नाही."

काकांच्या गोष्टीपेक्षा ही कितीतरी वरची, आणि ती तीस वर्षं काठावर लिहिलेली होती. तेव्हापासून माझा शिरस्ता ठरला आहे. कुणाशीही बोलायच्या आधी भांडं उपडं करायचं, काठ, गळा, बूड, झाकणाची आतली बाजू बघायची. अक्षरं लागत नसतील तर पातळ कागद ठेवून वरून शिसपेन आडवी फिरवायची. काकांची गोष्ट मी खोडलेली नाही. 'काका असं सांगत' म्हणून ती शेजारीच ठेवली आहे. चिखलातून खरंच काहीतरी निघालं असेल, कळशी असेल.

यालाच जोडून: फोटो चांगला यावा म्हणून आधी चिंच लावून भांडं लखलखीत करू नका. एका भाच्याने घासणी लावून पणजीचं नाव निम्मं उडवलं, आणि मला चकाचक फोटो पाठवला. मी दोन दिवस उत्तर दिलं नाही.

सनाचा घोळ तर नेहमीचाच. भांड्यावर 'शके १८४२' दिसलं की 'आमचा तांब्या पावणेदोनशे वर्षांचा' म्हणून मोकळे होतात. शकात ७८ मिळवा, म्हणजे १९२०. पौष ते फाल्गुनातली तिथी असेल तर बहुधा ७९. एवढी बेरीज करायलाही लोकांना धीर नसतो.

आजीसमोर मोबाइल रोखून 'हं, सांगा आठवणी' म्हणू नका. 'तेव्हा सगळं स्वस्त होतं' एवढ्यावर ती साठ वर्षं उरकेल. तिच्या हातात अडकित्ता आणि चार सुपाऱ्या द्या आणि गप्प बसा. दुसऱ्या सुपारीला कुणाचं तरी नाव निघतंच. पुण्याच्या केळकर संग्रहालयातले अडकित्ते एकाहून एक सुंदर आहेत, पण काचेपुढे उभा राहिलो की मला त्या सुपाऱ्या कातरणारे हातच आठवत राहतात.

वाटणीतलं भांडण गाळू नका. समई धाकट्याकडे का गेली, हीच समईची गोष्ट असते.

आवाजाची फाइल फक्त व्हॉट्सॲपवर ठेवू नका. फोन बदलला की गेली.

जुनं पितळ मोडीत घालणारच असाल तर घाला, जागा कुणाकडे आहे? पण आधी वजन, खुणा आणि नाव वहीत उतरवा.

आणि एका बैठकीत 'झालं' म्हणू नका. आत्याकडे मी नंतर तीनदा गेलो. तिसऱ्या खेपेला, चहा गाळता गाळता ती म्हणाली की पुरातून वाचलेला, पाणी तापवायचा मोठा बंब होता आमच्याकडे. तो तिच्याच लग्नाच्या खर्चासाठी मोडीत गेला. काकांना हे माहीत होतं का, विचारलं. "त्यानंच तर हातगाडीवर घालून नेला," म्हणाली.