सगळे फोटो पाचनईतच!

माझ्या कॅमेऱ्यात जीपीएस नाही. ब्लूटूथवरून तो मोबाइलच्या ॲपकडून ठिकाण घेतो. हरिश्चंद्रगडावरून परतल्यावर नकाशा उघडला, तर कोकणकड्याचे फोटोसुद्धा पायथ्याच्या पाचनईत! मोबाइल खिशात गेला की बॅटरी वाचवायला अँड्रॉइड ते ॲप झोपवत होतं, आणि कॅमेरा शेवटचं मिळालेलं ठिकाणच चिकटवत बसला.

उपाय साधा निघाला. ॲपला लोकेशनची परवानगी 'नेहमी' दिली, बॅटरीची बंधनं काढली. (ब्लूटूथची जोडणी मी उगाचच चार वेळा तोडून पुन्हा केली.)

जुन्या फोटोंचं काय? मित्राच्या मोबाइलमध्ये वाटेची जीपीएक्स फाइल होती, म्हणजे किती वाजता कुठे होतो याची नोंद. एक्झिफटूल हे मोफत सॉफ्टवेअर फोटोची वेळ त्या फाइलशी जुळवून अक्षांश-रेखांश भरतं. गोम वेळेतच आहे: जीपीएक्समधली वेळ यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ), म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. शिवाय माझ्या कॅमेऱ्याचं घड्याळ ४ मिनिटं पुढे! चढणीवर तेवढ्यात माणूस बराच पुढे जातो. दोन्ही फरक सांगितल्यावर फोटो कड्यावर पोचले.

आता निघताना कॅमेऱ्याने मोबाइलच्या घड्याळाचा एक फोटो काढतो, म्हणजे कॅमेऱ्याचं घड्याळ किती चुकतंय ते नंतर कळतं.